शासकीय वसतिगृहासाठी इमारत देताना

प्रश्न : पाथर्डीत माझी दुमजली राहती इमारत रिकामी आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शासकीय वसतिगृहाला ती भाड्याने देता येईल का? वेगळी परवानगी लागेल का?

उत्तर : जरूर देता येईल. आई-बाप तोडीला गेले की मुलांची शाळा सुटते. ती सुटू नये म्हणूनच २०२१मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. प्रत्येक वसतिगृहाची क्षमता १०० आहे.

आधी वापरबदलाची परवानगी घ्या. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ४४नुसार नगरपरिषदेकडे अर्ज करा. भाडे सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मूल्यांकनावरून ठरते. भाडेकरार नोंदवूनच घ्या. दुरुस्ती, वीज-पाण्याची जबाबदारी त्यात स्पष्ट लिहा. अग्निसुरक्षेत मात्र तडजोड नको. तिथे लेकरे झोपणार आहेत.