विहीर आटते, भात सरतं

भाची : मामा, उन्हाळ्यात कर्जतच्या वाड्यांमधल्या विहिरी 'आटल्या' म्हणतात. 'सरल्या' का नाही म्हणत?

मामा : कारण कणगीतलं भात सरतं. ते रोज कुणीतरी काढतं आणि पुढच्या पिकापर्यंत नवं पडत नाही. पूर ओसरतो, म्हणजे पाणी खाली निघून जातं. आटण्यात मात्र पुरवठाच क्षीण होत जातो. 'गाय आटली' म्हणतो तेव्हा धार काढल्यामुळे दूध कमी झालेलं नसतं, मुळात पान्हाच कमी झालेला असतो. विहिरीचं तेच. कर्जत-खालापुरात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, पण इथला काळा कातळ पाणी धरतो ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत. पाऊस गेला की ते उताराने पाझरत राहतं आणि झरे बारीक होतात. एकही हंडा काढला नाही तरी पातळी उतरतेच. 'सरली' म्हटलं की बोट पाणी भरणाऱ्या बाईकडे जातं. 'आटली' म्हटलं की वरच्या उताराकडे, तिथल्या झाडोऱ्याकडे बघावं लागतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

भाची : पण बासुंदीसाठी दूध आटवतात, तिथे कुठला आलाय झरा?

मामा : आक्षेप रास्त आहे. तेव्हा झरा हा शब्दाचा सगळा अर्थ नाही, एवढं मान्य करायला हवं. दोन्हीकडे सारखं आहे ते असं, की भांडं जागच्या जागी राहतं, कुणी ओतून नेत नाही, तरी आतलं हळूहळू घटतं. 'आटवणं' म्हटलं की जाळ लावणारा कर्ता येतो, एवढंच.

भाची : मग पेज नदी? ती तर उन्हाळ्यातही वाहते.

मामा : कारण ते पाणी तिच्या झऱ्यांचं नाही. भिवपुरीचं टाटांचं वीजघर 1922 पासून घाटावरचं, भीमेच्या खोऱ्यातलं पाणी खाली आणतं आणि वीज काढून झाली की पेजेत सोडतं. खोपोलीचं वीजघर 1915 पासून पाताळगंगेला तसंच पाणी देतं. असं पाणी आटत नाही. वीजघर थांबलं की ते बंद होतं. त्यामुळे पेजेकाठचं उन्हाळी भात दाखवून 'तालुक्यात पाणी मुबलक आहे' म्हणणं चूक आहे. ते पाणी वरच्या वाडीच्या विहिरीत चढत नाही. तिथे टँकर पाठवला तर चार दिवस निभावतात; झरा टिकवायचा तर पावसाचं पाणी त्या उतारावरच जिरवायला हवं.