लस आणि प्रोटीनची घडण

कक्षा 12वीच्या रसायनशास्त्रात अमिनो आम्लांचा पाठ आला की "हे पाठ करून पुढे काय?" असा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. पालकही विचारतात. त्याचे उत्तर या अंकात देत आहोत.

विषाणूच्या अंगावर प्रोटीनचे काटे असतात. त्यांच्या साहाय्याने तो आपल्या पेशीत शिरतो. लस म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना या काट्याची आधीच करून दिलेली ओळख. पण काही विषाणूंचा काटा पेशीत शिरताना रूप पालटतो. ओळख हवी ती शिरण्यापूर्वीच्या रूपाची. सिंहस्थात हरवलेले मूल शोधायला त्याचा आजचा फोटो लागतो, जावळाच्या वेळचा चालत नाही. तसेच हे.

1966 साली अमेरिकेत आरएसव्ही या विषाणूवरील लसीची चाचणी झाली. हा विषाणू तान्ह्या मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासतो. लस घेतलेल्या बाळांना पुढे तोच आजार अधिक तीव्र झाला आणि दोन बाळे दगावली. कारणे एकाहून अधिक होती. त्यातले एक असे की, फॉर्मेलीनने मारलेल्या विषाणूवर काट्याचे योग्य रूप उरले नव्हते. 2013 मध्ये मॅक्लेलन, क्वाँग व ग्रॅहम या वैज्ञानिकांनी क्ष-किरणांच्या मदतीने ते रूप पाहिले. ते रूप पक्के बांधून केलेल्या लसींना 2023 मध्ये मान्यता मिळाली.

हीच युक्ती कोरोनाच्या वेळी कामी आली. त्याचा काटा 1273 अमिनो आम्लांचा. त्यातील 986 व 987 या जागी प्रोलीन बसवले की काटा ताठ राहतो, रूप पालटत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली कोवोव्हॅक्स अशाच काट्याची आहे. तिला भारतात डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली. जुनी पद्धतही टाकाऊ नाही. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2020 मध्ये वेगळा केलेला विषाणू मारून कोव्हॅक्सिन बनली.

म्हणजे 1273 पैकी दोन मणी बदलले आणि लस सुधारली. कुठले दोन, हे घडण पाहिल्यावाचून कळले नसते. म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, प्रयोगशाळेसाठी रेणूंच्या प्रतिकृतींचा एक संच घ्यावा.

सरावासाठी प्रश्न: प्रोलीनची रचना वहीत काढा. त्याची बाजूची साखळी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली दिसेल. यामुळे ताठपणा का येतो, ते चार ओळींत लिहून आणा.