हेलियमच्या अल्पायुषी अवस्था: अनुभवाचे बोल

हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन एकदम वरच्या पातळीवर गेले की अणूला ते झेपत नाही. एक खाली उतरतो आणि त्यातून सुटलेल्या ऊर्जेवर दुसरा अणूबाहेर पडतो. हेच स्वयं-आयनीभवन. या अवस्थांची ऊर्जा आणि आयुष्य संगणकावर काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या वाटेला नव्याने येणाऱ्यांसाठी पाच गोष्टी सांगतो.

१. प्रोग्रॅम लिहिण्याआधी प्रयोग वाचा. मॅडन आणि कॉडलिंग यांनी १९६३ साली सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशात हेलियमचं शोषण मोजलं. ६०.१५ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळची त्यांची पहिली रेषा (२एस२पी) आधी शिखर गाठते आणि लगेच खळग्यात उतरते. इलेक्ट्रॉन थेट बाहेर पडतो किंवा या अवस्थेतून जाऊन पडतो, आणि दोन्ही वाटांचे तरंग एकमेकांत मिसळतात. फानो यांनी या आकाराचं सूत्र १९६१ मध्येच मांडलं होतं. तो आलेख डोळ्यांपुढे नसेल, तर आपण काय काढतो आहोत हेच कळत नाही.

२. ‘ऊर्जा जितकी खाली, तितकं उत्तर बरं’ ही सवय सोडा. ती मूळ अवस्थेसाठी ठीक आहे. तिथे हिलेरासपासून सगळे त्याच तत्त्वावर जगले. इथे ती हमी नाही.

३. माझा भरवसा संमिश्र-परिभ्रमणावर आहे. प्रत्येक अंतर संमिश्र प्रतलात एका कोनातून फिरवायचं. कूलाँब बल असल्यामुळे गतिज आणि स्थितिज ऊर्जेला फक्त एकेक गुणक लागतो. समाकलनं पुन्हा करावी लागत नाहीत. (आळशी माणसाला याहून काय हवं!) मुक्त इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या उंबरठ्यांभोवती दुप्पट कोनात खाली वळतात, आणि जत्रा पांगल्यावर मैदानात उरलेल्या माणसासारखी आपली अवस्था वेगळी दिसते. वास्तव भाग म्हणजे तिची ऊर्जा, काल्पनिक भागाची दुप्पट म्हणजे रुंदी. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात बेसिस मर्यादित असतो, त्यामुळे तीही कोनाबरोबर सरकते. सरकणं जिथे जवळजवळ थांबतं, तिथलाच आकडा घ्या. एकाच कोनावर काढलेलं उत्तर मी वाचतही नाही.

४. दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतर तरंगफलात घेतलंत, तर दुहेरी अचूकता लवकरच अपुरी पडते. चौपट वापरा, वेळ गेला तरी चालेल.

५. खरी परीक्षा रुंदीची. पहिल्या अवस्थेची रुंदी ०.०३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे आयुष्य सुमारे १८ फेम्टोसेकंद. पण ६२.७६ जवळची तिची शेजारीण साडेतीनशे पट अरुंद आहे, कारण तिच्यात दोन मांडण्या एकमेकींना जवळजवळ रद्द करतात. कूपर, फानो आणि प्रॅट्स यांनी हे १९६३ मध्येच ओळखलं. पहिली अवस्था साधली म्हणून शेफारू नका. प्रोग्रॅमची लायकी ही शेजारीण ठरवते.