फेअर करू का, दादा?

एन.एस.एस.ला नाव घातलं की वर्षाला 120 तास भरावे लागतात. झाडं लावणं आणि रक्तदान शिबिरात बिस्किटं वाटणं यात फार तर तीसेक तास जातात. उरलेले भरायला आमच्या गटाने कॅम्पसमागच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला इंग्रजी शिकवायचं ठरवलं. माझ्या वाट्याला पत्रलेखन आलं. पत्र म्हणजे नुसतं रजेचं नाही, तर समोरच्याला एखादी गोष्ट पटवून देणारं. वर्गात 41 मुलं, तासिका 35 मिनिटांची, दर गुरुवारी एक.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "टाचण काढलंय का तुम्ही?" मला टाचणी ऐकू आलं. मग कळलं की पाठ कसा घ्यायचा याचा आराखडा शिक्षक आधी लिहून काढतात, त्याला पाठ टाचण म्हणतात. प्रॅक्टिकलच्या आधी आपण प्रोसीजर लिहितो तसंच. (आपण प्रॅक्टिकल झाल्यावर लिहितो, तेही दुसऱ्याचं बघून, हे सोडा.)

माझं पहिलं टाचण असं होतं : 10 मिनिटं पत्राचा नमुना समजावणे, 20 मिनिटं लेखन, 5 मिनिटं सुधारणा. विषय, मोबाईल शाप की वरदान. पाठ सपशेल पडला. 41 पैकी तीसेक मुलांनी एकच मजकूर लिहिला होता, गाइडमधला. दोन-तीन जणांच्या पत्रात तर मध्येच 'आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर' आलं होतं, कारण पत्र म्हटलं की तेच पाठ. शेवटच्या 5 मिनिटांत मी म्हणालो, आता सुधारा. एका मुलाने पान टर्रकन फाडलं आणि विचारलं, "फेअर करू का, दादा?" आणि तेच पत्र जास्त सुबक अक्षरात उतरवायला बसला.

मुलांवर चिडण्यात अर्थ नव्हता. आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे यांची इंग्रजीची सात वर्षं झालेली. शब्द होते, वाक्यंही बऱ्यापैकी जमत होती. चूक विषयात होती. शाप की वरदान हा निबंध आपण सगळ्यांनी विज्ञानावर, टीव्हीवर, संगणकावर लिहिला आहे. चार ओळी शापाच्या, चार वरदानाच्या आणि शेवटी 'वापर आपल्या हाती आहे'. त्यात कोणाला काही पटवायचंच नसतं. वाचणारा एकच, पेपर तपासणारा, आणि तो 'नाही, मला नाही पटलं' असं म्हणत नाही, तो नुसते दहापैकी सहा देतो. नाही म्हणणारा माणूसच समोर नसेल तर मूल कशासाठी सुधारेल?

विषय मुलांनीच दिला. दुसऱ्या गुरुवारी आत शिरतो तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "दादा, तुम्ही त्या कॉलेजचे ना? मग मागचं गेट का बंद केलंत?"

हॉस्टेलवाल्यांना हे गेट माहीत आहे, मेसच्या पलीकडचं. वाडीतली मुलं तिथून आत येऊन वर्कशॉपच्या कडेने शाळेला जायची. पावसाळ्यात आपल्या सायकली आणि बाथरूमचे नळ चोरीला गेले आणि गेटला कुलूप लागलं. शेजारी पाटीही लागली, 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड'. तेव्हापासून ही मुलं हायवेच्या कडेने येतात. आम्हाला रात्री चहाला जायला दुसरं गेट आहे, म्हणून आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

एका मुलाने त्या पाटीचा अर्थ विचारला. सांगितला. तो म्हणाला, "पाटी इंग्रजीत आहे, तर आपण पण इंग्रजीतच लिहू." मी टाचण दप्तरात टाकलं आणि घरी जाऊन नवं काढलं, एका तासिकेचं नाही, चार तासिकांचं.

पहिल्या तासिकेत पेन बंद. सगळं तोंडी आणि मराठीत. मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, मी कॉलेजचा साहेब, मला पटवा. आधी नुसती विनवणी आली, "प्लीज सर, उघडा ना सर." मी म्हणालो, नाही. मग धमकी आली, "आम्ही भिंतीवरून उड्या मारू." मी म्हणालो, मग तर नाहीच. मग एका मुलीने विचारलं, "पण तुम्ही बंद का केलं?" सगळा पाठ त्या प्रश्नावर फिरला. मी चोरीचं सांगितलं. वर्ग एकदम गप्प. मग हळूच एक आवाज, "नळ आम्ही नाही चोरले." आणि जरा वेळाने दुसरा, "चिंचा तोडल्या पण."

समोरच्याच्या मनात काय अडचण आहे ती आपणच आधी काढायची आणि तिला उत्तर द्यायचं, हा पटवून देणाऱ्या लेखनाचा कणा आहे. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात 'ऱ्हेटॉरिक' या ग्रंथात माणूस पटतो त्याची तीन साधनं सांगितली : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. वर्गात ग्रीसला जायची गरज पडली नाही. सहलीसाठी आईकडून पैसे कसे काढता, एवढंच विचारलं. मुलं तिन्ही साधनं रोज वापरतात. आईला राग आलेला असताना मागत नाहीत, 'सगळे जाणार आहेत' म्हणतात, आणि मागच्या वेळचे उरलेले दहा रुपये परत दिल्याची आठवण करून देतात. हे शेवटचं म्हणजे पत. चिंचांची कबुलीही पतच. फक्त ती पत्रात घालायला मुलं तयार नव्हती. "मार बसेल," असं त्यांचं म्हणणं.

तासिकेच्या शेवटी फळ्यावर पाच शब्द लिहिले : बिकॉज, बट, सो, इफ, ओन्ली. घरचा अभ्यास एकच, हायवेवर 10 मिनिटं थांबून जड गाड्या मोजायच्या, मोठ्या माणसाला सोबत घेऊन. कारण 'हायवे इज डेंजर' असं सगळेच म्हणत होते आणि मी विचारत होतो, कशावरून? पुढच्या गुरुवारी आकडा आला, सकाळी सव्वादहाला 10 मिनिटांत 23 ट्रक आणि टँकर.

दुसरी तासिका कच्च्या मसुद्याची, आणि लिहायला फक्त 15 मिनिटं. नियम तीन. एक ओळ सोडून लिहायचं. खोडरबर बंद, चुकलं तर आडवी रेघ. इंग्रजी शब्द अडला तर मराठी घालून पुढे जायचं. तिसरा नियम सगळ्यांना आवडला. दुसऱ्याने मात्र हाहाकार झाला. खाडाखोड म्हणजे गुन्हा, हे पहिलीपासून भिनलेलं. पाच मिनिटांत चार हात वर आणि तोच प्रश्न, "दादा, फेअर करू का?"

आपलं तरी काय वेगळं आहे? ड्रॉइंगचं शीट आठवा. जी.टी. मारताना काचेखाली बल्ब लावून आपण दुसऱ्याची रेघ न् रेघ उतरवतो, त्याच्या चुकलेल्या डायमेन्शनसकट. फेअर करणं म्हणजे स्वतःच्याच मसुद्याची जी.टी. शीट स्वच्छ होतं, पण सेक्शन चुकला असेल तर चुकलेलाच राहतो.

नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन प्राध्यापिकेचा यावरचा एक अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे 20 विद्यार्थी आणि पत्रकार, संपादक, प्राध्यापक अशी 20 अनुभवी माणसं. प्रत्येकाने तीन लेख लिहायचे आणि प्रत्येक लेख दोनदा सुधारून लिहायचा. विद्यार्थ्यांची सुधारणा मुख्यतः शब्दांपुरती होती : हा शब्द दोनदा आला, तो बदलू. अनुभवी माणसं आपल्याला नक्की काय म्हणायचं आहे आणि वाचणाऱ्याला ते कसं दिसेल, याच्यामागे होती. सॉमर्सनी बदलांचे चार प्रकार मोजले : काढणं, बदलणं, घालणं आणि जागा हलवणं. मी हे चार शब्द उचलले आणि तिसरी तासिका त्यांच्यावरच लावली.

जागा हलवणं सातवीच्या मुलाला तोंडी सांगून कळत नाही. वाक्य एकदा लिहिलं की ते दगडावर कोरलेलं. म्हणून कात्री. प्रत्येकाने आपल्या पत्राच्या वाक्यावाक्याच्या पट्ट्या कापल्या आणि जमिनीवर मांडल्या. एक ओळ सोडून का लिहायला लावलं होतं ते आता त्यांना कळलं. मग जोडीदाराने साहेब व्हायचं, पट्ट्या मोठ्याने वाचायच्या आणि एकच वाक्य लिहून द्यायचं, 'नो, बिकॉज' ने सुरू होणारं. पत्र लिहिणाऱ्याने त्याला उत्तर होईल अशी पट्टी नवी लिहायची. वर्गात जो कालवा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले गुरुजी बघून गेले.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचं पहिलं पत्र असं होतं : 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू से वी आर पुअर स्टुडंट्स. वी हॅव मेनी प्रॉब्लेम. यू आर व्हेरी काइंड. प्लीज ओपन द गेट. हायवे इज डेंजर.' तिने आधी शेवटची पट्टी उचलून वर ठेवली. मग बराच वेळ बघत बसली आणि 'पुअर स्टुडंट्स'ची पट्टी बाजूला काढली. मी विचारलं, का? ती म्हणाली, "आम्ही गरीब आहोत म्हणून थोडंच उघडायचंय? ट्रक येतात म्हणून उघडायचंय." तिचं दुसरं पत्र इथे देतो, चुकांसकट :

'युअर बॅक गेट इज क्लोज सो वी वॉक ऑन हायवे. इन टेन मिनिट्स 23 ट्रक कम. माय ब्रदर इज इन फर्स्ट स्टँडर्ड. ही होल्ड माय हँड. वी टुक टॅमरिंड फ्रॉम युअर ट्री. वी विल नॉट टेक. वी डिड नॉट टेक टॅप. प्लीज ओपन गेट ओन्ली टेन टू हाफ पास्ट टेन अँड फाइव्ह टू हाफ पास्ट फाइव्ह. इफ यू वॉन्ट, आवर टीचर विल वॉक विथ अस.'

यातलं 'ओन्ली' बघा. तो एक शब्द साहेबांची अर्धी भीती काढतो.

आता माझी चूक. एका मुलाचं पत्र मी हौसेने लाल पेनने दुरुस्त केलं. 'वी ह्युम्बली रिक्वेस्ट युअर गुड सेल्फ' वगैरे घातलं. त्याने ते वर्गासमोर वाचलं, तीनदा अडखळला आणि वही माझ्याकडे देत म्हणाला, "छान आहे दादा, पण हे तुमचं आहे." पुढच्या पत्राला त्याने एक ओळ लिहिली आणि बसून राहिला, मी येऊन पुढचं लिहीन म्हणून. त्याला परत लिहितं करायला दोन गुरुवार गेले आणि अजूनही तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो. त्यानंतर तिसऱ्या तासिकेत मी लाल पेन नेलंच नाही. जिथे मला कळलं नाही तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह, एका पत्रात तीनच.

व्याकरण चौथ्या तासिकेत, आणि सगळं नाही. पत्रांत सगळ्यात जास्त दिसलेल्या दोनच चुका घेतल्या : 'ही होल्ड'ला एस, आणि 'द' कुठे. आधी व्याकरण आणि मग मुद्दा असा क्रम लावला तर मूल जे वाक्य नंतर काढून टाकायचं आहे तेच घासूनपुसून ठेवतं, आणि एकदा घासलं की काढवत नाही. फेअर करायला परवानगी इथे दिली, सगळ्यात शेवटी.

बाईंची एक अडचण होती आणि ती खरी होती. साहेब तपासणीला आले की वह्या बघतात, त्यात कापाकापी आणि खाडाखोड कशी दाखवायची? तोडही त्यांनीच काढली. डाव्या पानावर पट्ट्या डिंकाने चिकटवायच्या, उजव्या पानावर फेअर. "दोन्ही बघितल्यावर साहेबांना कळेल तरी, मूल कुठून कुठे आलं," म्हणाल्या. माझ्या चार तासिकांच्या टाचणात ही एक गोष्ट सगळ्यात चांगली आहे आणि ती माझी नाही.

कुठली पत्रं पाठवायची ते मुलांनी मतदानाने ठरवलं. तीन निवडली. बाईंच्या सहीच्या पत्रासोबत ती ऑफिसात दिली. बारा दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजीत, टाइप केलेलं. गेट उघडलेलं नाही. उत्तरात दोन प्रश्न आहेत : बाई रजेवर असतील त्या दिवशी मुलांसोबत कोण असेल, आणि वर्कशॉपच्या बाजूला मुलं जाणार नाहीत याची व्यवस्था काय? मी उत्तर वर्गात वाचून दाखवताना जरा वाईट चेहरा केला होता. मुलांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. एक जण म्हणाला, "म्हणजे नो, बिकॉज." आणि वह्या निघाल्या. बाई रजेवर असताना सोबत चालणारं कोणी, या जागी सध्या त्यांनी 'हॉस्टेल दादा' असं लिहिलं आहे, मला न विचारता.

तेव्हा सकाळी दहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच ज्यांना जमेल अशांची नावं हवी आहेत. आठवड्यातून एक दिवस पुरे. एन.एस.एस.च्या खोलीबाहेर कागद लावला आहे. तासिकेलाही दोघं जण लागतील, गुरुवारी पावणेचारला. येताना कात्री आणा, शाळेत दोनच आहेत.