एक दिवस मुंबईत

मुंबई हे अरबी समुद्राच्या काठावरचे मोठे शहर आहे. पूर्वी येथे सात बेटे होती. मधल्या खाड्या बुजवून ती जोडली गेली. या गजबजलेल्या शहरात पाहण्यासारखे खूप आहे. पण सगळे एकाच दिवशी पाहायला गेलो, तर पाहणे कमी आणि धावपळच जास्त होते. म्हणून निघण्यापूर्वी नीट आखणी करावी लागते. ती कशी करावी, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, कल्याणला एक कुटुंब राहते. घरात दादी, अब्बा, अम्मी आणि आठवीत शिकणारा मुलगा आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी मुंबई पाहायची ठरले. मुलाने वहीत यादी केली : घारापुरीची लेणी, गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, तारांगण, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी आणि हाजी अली. एकूण आठ ठिकाणे!

यादी ऐकून दादी म्हणाल्या, "बेटा, माझे गुडघे दुखतात. एवढे चालणे मला जमणार नाही. तुम्ही जा, मी घर सांभाळते."

मुलगा हिरमुसला. "दादी, तुम्ही नसाल तर मजा कसली? तुम्हाला काय पाहायचे आहे ते सांगा."

"लग्नानंतर एकदाच हाजी अलीला गेले होते," दादी हळूच म्हणाल्या. "पुन्हा जाणे झालेच नाही."

अब्बा म्हणाले, "आता यादी दादींच्या पावलांनी कर."

मुलाने पुन्हा पेन्सिल घेतली. घारापुरीची लेणी त्याला फार आवडीची. पण तेथे जायला गेटवेपासून बोटीने सुमारे एक तास लागतो आणि पुढे सुमारे 120 पायऱ्या चढाव्या लागतात. त्याने ते नाव स्वतःच खोडले. राणीची बाग भायखळ्याला आणि तारांगण वरळीला. तीही नावे गेली. वस्तुसंग्रहालय आणि गेटवे मात्र जवळजवळ आहेत. तेथून टॅक्सीने हाजी अलीला जाताना मरीन ड्राइव्ह आणि चौपाटी वाटेतच दिसतात.

हाजी अलीचा दर्गा समुद्रातील खडकावर आहे. किनाऱ्यापासून तेथे जाणारी वाट सुमारे अर्धा किलोमीटर लांब आहे. मोठ्या भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून त्या दिवसाची वेळ आधी पाहून घ्यावी. समजा, त्या रविवारी ओहोटी दुपारी 4 वाजता आहे. दादींना जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास धरला पाहिजे. येथे घाई करून चालत नाही आणि उशीर करूनही चालत नाही.

मग दिवसाचा क्रम असा ठरला :

सकाळी 8 : कल्याणहून लोकल. रविवारी देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो. त्याची वेळ आदल्या दिवशी वर्तमानपत्रात पाहावी.

सकाळी 9.30 : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. या भव्य इमारतीला 2004 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ती बाहेरून पाहणे आणि नाश्ता.

सकाळी 10.30 : वस्तुसंग्रहालय. सगळी दालने पाहण्याचा हट्ट नाही. दोन-तीनच, पण निवांत.

दुपारी 12.30 : गेटवे. 1911 साली ब्रिटिश राजा पंचम जॉर्ज येथे उतरला. त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान 1924 साली पूर्ण झाली. पुढे 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली.

दुपारी 1 : जेवण, नमाज आणि विश्रांती.

दुपारी 2.30 : टॅक्सीने हाजी अली. सायंकाळी 5 च्या आत किनाऱ्यावर परत.

नंतर टॅक्सीने पुन्हा टर्मिनस. लोकल तेथूनच सुटते. त्यामुळे बसायला जागा मिळते आणि पूलही चढावा लागत नाही.

आठ ठिकाणांतील तीन नावे गेली. पण घरातले एकही माणूस मागे राहिले नाही. कुटुंबाची सहल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलांनी आखावी, म्हणजे ती सर्वांची होते.

मुलाने नवी यादी वाचून दाखवली. दादी हसल्या आणि म्हणाल्या, "बेटा, माझ्या मऊ चपला काढून ठेव."

शब्दार्थ
गजबजलेले – माणसांनी भरलेले
आखणी – कामाचा क्रम आधी ठरवणे
हिरमुसणे – नाराज होणे
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे सरकणे
दालन – मोठी खोली
निवांत – घाई न करता

स्वाध्याय
1. दादी सहलीला येण्यास का तयार नव्हत्या?
2. मुलाने घारापुरीचे नाव का खोडले?
3. हाजी अलीला जाण्यापूर्वी कोणती वेळ पाहावी? का?
4. विरुद्धार्थी शब्द लिहा : भरती, जवळ, चढणे, हळू.
5. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका दिवसाच्या सहलीची आखणी वहीत लिहा.