चारही बॅटऱ्यांचे नंबर बिलावर घ्या

ई-रिक्षा घ्यावी का, असे आमगाव स्टेशनाबाहेर सवारीची वाट बघत असताना मला बरेच जण विचारतात. घ्या, असेच मी सांगतो. स्टेशन, बस स्टँड, तहसील, बाजार, सगळे आटोपशीर गाव. कायद्याने ई-रिक्षाला ताशी २५ किलोमीटर वेग आणि ४ सवाऱ्या एवढीच मुभा, पण इथे तेवढे पुरते. एका पूर्ण चार्जिंगला ७-८ युनिट वीज जाते. पेट्रोलवाल्याने आपला रोजचा खर्च आठवून पाहावा. फक्त घेताना छत, सीट, गाणी वाजवायचा डबा यांत रमू नका. खरी किंमत बॅटरीची, बाकी सगळा पत्रा.

माझी गाडी नवीकोरी होती. एका चार्जिंगला ८० किलोमीटर जाईल, असे विकणाऱ्याने छातीठोक सांगितले होते. पहिला पावसाळा सरला आणि ती दुपारीच मान टाकू लागली. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा असते, तेव्हा सालेकसाकडच्या सवाऱ्या मिळतात. तशीच एक सवारी सोडून परतताना गाडी रस्त्यात बसली. धानाचे कट्टे उतरवून येणाऱ्या एका ट्रॅक्टरला दोर बांधून ती गावात आणली. विकणारा म्हणाला, तुम्ही ओव्हरलोड चालवत असाल.

गावातल्या बॅटरीवाल्याने लोड टेस्टर लावला तेव्हा उलगडा झाला. आमच्या गाड्यांत १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ४८ व्होल्ट करतात. माझ्या तीन ठीक होत्या. चौथीचा काटा लोड लागताच १० च्या खाली. तिच्यावरचा तयार झाल्याचा महिनाही बाकी तिघींपेक्षा बराच जुना. अशी एक कच्ची निघाली की तीच आधी रिकामी होते. चार्जिंगला लावले की तीच आधी भरते, चार्जर आटोपते घेतो आणि धडधाकट तिघी अर्धपोटी राहतात. वॉरंटी कार्डावर फक्त गाडीचा चेसिस नंबर होता, बॅटऱ्यांचा एकही नाही. भांडायला कागदच नव्हता. चारही बदलाव्या लागल्या, कारण जुन्यांत एक नवी घातली की नवीही लवकर जाते.

म्हणून भाऊ, दुकानातच चारही बॅटऱ्यांचे झाकण उघडायला लावा. कंपनी, अँपिअर-अवर आणि महिना एकच आहे ना, ते वाचा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी थोडा वेळ स्वस्थ ठेवल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. मल्टीमीटर सोबत न्यायला लाजू नका. ८० किलोमीटरचा दावा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसे आणि त्यांच्या गाठोड्यांसह चालवून पाहू देत नसतील, तर त्यातच काय ते समजा.

लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण रोज धंद्यावर लावली तर वर्ष-दीड वर्षात बदलावी लागते, शिवाय डिस्टिल्ड वॉटर पाहत राहावे लागते. लिथियमला सुरुवातीला जास्त पैसे लागतात, पण ती हलकी असते, लवकर भरते आणि जास्त टिकते. कर्जाचा हप्ता झेपत असेल तर मी लिथियमच घ्या म्हणेन. मे महिन्यात आपल्याकडचे ऊन कोणत्याच बॅटरीला मानवत नाही. गाडी सावलीत लावा आणि थोडी निवल्यावरच चार्जिंगला जोडा. घरातल्या पंख्याच्या सॉकेटवर तर मुळीच नको. १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग आधी करून घ्या, गोठ्यात तणसाजवळ चार्जिंग तर कधीच करू नका.

गोंदियाच्या एमएच-३५ पासिंगचे कागद, विमा आणि लायसन्स यांना फाटा देऊन स्वस्तात गाडी देणारेही भेटतील. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ई-रिक्षा मोटार वाहन कायद्यात आली आहे. अपघात झाला तर विनाकागदाच्या गाडीचा भुर्दंड चालवणाऱ्यावरच येतो.

बॅटऱ्यांचे चारही नंबर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर, शिक्क्यासह लिहून मागा. देत नसतील तर पैसे खिशातच ठेवा आणि दुसऱ्या दुकानात जा.