समाजशास्त्राची पदवी : कमाई, कर्ज आणि धानाचा हंगाम

भंडारा जिल्ह्यातील कला महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि अनुदानित महाविद्यालयात समाजशास्त्र घेऊन बी.ए. करण्याचे शुल्क, त्यात शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी मिळाली तर विशेषच, इतके थोडे असते की तेवढ्यासाठी कर्ज काढण्याची वेळ सहसा येऊ नये. कर्जाचा प्रश्न खरा उभा राहतो तो पदवीनंतर, जेव्हा विद्यार्थी एम.ए., समाजकार्यातील एम.एस.डब्ल्यू., बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेचे शिकवणीवर्ग यांसाठी नागपूर-पुण्यात खोली भाड्याने घेतो. त्यामुळे या शिक्षणाचा हिशेब शुल्कापासून नव्हे, तर खोलीभाडे, खानावळ आणि न झालेली कमाई यांपासून मांडणे योग्य ठरते.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही, आणि अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एक वर्षापर्यंत हप्ता न भरण्याची सवड मिळते. मात्र सवडीच्या काळातही व्याज चालूच असते. उदाहरणादाखल, ४ लाखांची पूर्ण रक्कम आरंभीच १० टक्के सरळव्याजाने उचलली असे धरल्यास दोन वर्षांची एम.ए. आणि सवडीचे एक वर्ष मिळून १.२० लाख रुपये व्याज साचते, आणि ५.२० लाखांच्या परतफेडीला दहा वर्षांसाठी दरमहा सुमारे ६,८७० रुपयांचा हप्ता बसतो. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता सुमारे ५,५९० रुपयांवर येतो, पण एकूण परतफेड सव्वाआठ लाखांऐवजी दहा लाखांच्या पुढे जाते. सवडीच्या काळातील व्याज सरकारने भरण्याची केंद्रीय योजना, जिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असावे लागते, ती तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे, साध्या एम.ए.ला तिचा आधार नाही, ही गोष्ट अर्ज भरेपर्यंत अनेकांच्या ध्यानात येत नाही.

याहून अवघड कर्ज ते, ज्याला कोणी शैक्षणिक कर्ज म्हणतच नाही. प्रवेशाचे दिवस आणि धानाच्या रोवणीचे दिवस या जिल्ह्यात एकत्र येतात, म्हणजे बी-बियाणे, खत आणि मजुरी यांवर पैसा जात असतानाच प्रवेशशुल्क आणि खोलीची अनामत रक्कम द्यावी लागते. आधारभूत केंद्रावर धान विकून चुकारे हाती पडायला दिवाळी उलटते. मधली ओढाताण आईच्या नावावर बचत गटातून किंवा सूक्ष्मवित्त कंपनीकडून घेतलेल्या उचलीने भागवली जाते. अशा उचलीला शिक्षण संपेपर्यंतची सवड नसते, हप्ता लगेच सुरू होतो, आणि ती फेडायची असते मजुरीतून. सर्व उसनवारी एका कागदावर लिहिल्याखेरीज कुटुंबाला खरा आकडा कळत नाही, आणि घरोघरी नेमके हेच लिहिणे टाळले जाते.

मिळकतीची बाजू तितकीच बारकाईने पाहावी लागते. नववी-दहावीच्या वेळापत्रकात समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. तो भेटतो अकरावी-बारावीच्या कला शाखेत, म्हणून बी.एड. करूनही या विषयाच्या शिक्षकाला जागा मोजक्याच उरतात. वरिष्ठ महाविद्यालयात जाण्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि ते मिळवूनही कित्येकांना तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवले तितक्याच मोबदल्यावर, वर्षे काढावी लागतात. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये हाती येतात. पण ती मिळेलच असे धरून कर्ज उचलणे हा हिशेब नव्हे.

या शास्त्राला जिल्ह्यात कामच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने पवनी परिसरातील विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न निर्माण केले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन, म्हणजे प्रकल्पाचा लोकजीवनावर काय परिणाम होईल याचा आधी केलेला अभ्यास, कायद्यात आणला. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या मासेमारी संस्था आणि ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे महिला गट हीही अभ्यासाची नि कामाची क्षेत्रे आहेत. अशी कामे बहुधा कंत्राटी असतात, आणि प्रश्नावली तयार करणे, गावात बसून मुलाखती घेणे, आकडे संगणकावर मांडणे ही कौशल्ये पदवीच्या कागदाआधी विचारली जातात.

शिष्यवृत्तीदेखील कधी कर्जाचेच रूप घेते. १९५४ ची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचे बंधन होते. १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले, पण जातीमुळे राहायला जागा न मिळाल्याने ती नोकरी त्यांना सोडावी लागली. बंधपत्र लिहून देणाऱ्याने कामाच्या ठिकाणी आपले जगणे कसे असेल, याचीही चौकशी करायला हवी ती यासाठीच.

बँकेच्या कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणजे परतफेडीची जबाबदारी कायद्याने त्यांचीही असते. हप्ते थकले तर ती नोंद त्यांच्याही पतइतिहासात चढते, आणि पुढच्या खरिपात पीककर्जासाठी बँकेची पायरी चढणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज त्याच नोंदीवर अडू शकतो. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना अपेक्षित पगाराइतकाच वडिलांच्या पीककर्जाचा आकडाही समोर असावा.